राखेच्या तळ्यावरची फळी

१

काइरगेल्दी आगाय, म्हणजे आमचे गुरुजी, सापडले ते राखेच्या तळ्याच्या पार टोकाला, पंपघराच्या लोखंडी जाळीला अडकलेले. सोमवारची दुपार होती. आम्ही धावत गेलो तोवर पहारेकऱ्याने त्यांना काठावर ओढून घेतलं होतं आणि अंगावरचा गाळ वाऱ्याने सुकायला लागला होता. भुवया, मिशा, कोटाची बटणं, सगळं एकाच राखाडी रंगाचं. डोळे उघडे होते आणि त्यांच्यातही राख होती.

शेजारी त्यांची फळी पडली होती, मधोमध मोडलेली. मोडलेल्या कडा शिळ्या टोस्टसारख्या भुरभुरत होत्या. एका तुकड्यावर पितळी बिल्ला होता. त्यावर आकडा, सतरा.

"सतरा नंबरची मोडली?" रुदोल्फ कार्लोविच माझ्या कानाशी पुटपुटले. "अगं, हिच्यावरून मी मोटारसायकल नेली होती."

मी बिल्ल्यावरची नजर काढून घेतली.

आमचं कारासोर गाव म्हणजे एक कोळशाची खाण, एक वीजकेंद्र, त्या वीजकेंद्राच्या राखेचं तळं आणि तळ्याकाठची आमची प्रयोगशाळा. प्रयोगशाळेत आम्ही फोम बनवतो. फोम म्हणजे शेवटी पावच, आत नुसती भोकं. हलका असतो, पण दाबला की बसतो. आगायनी त्याला ताकद आणली ती राखेने. भट्टीत कोळसा जळताना राखेचे काही कण फुगतात आणि आतून पोकळ होतात. पिठापेक्षा बारीक, काचेच्या फुग्यासारखे. आम्ही त्यांना नुसतं 'मणी' म्हणतो. राख तळ्याच्या तळाशी बसते, मणी वर तरंगतात. ते गोळा करून फोमच्या रसात मिसळले की भोकांच्या भिंती पक्क्या होतात आणि वजन जवळपास वाढतच नाही.

ते मणी आगाय स्वतः गोळा करायचे. तळ्यावर राखेची जाड साय धरते, पण तिच्यावर पाय ठेवला की माणूस गेलाच. म्हणून ते आपल्याच फोमची दोन मीटर लांब फळी सायीवर टाकत, तिच्यावर पालथे पडत आणि हाताने वल्हवत पुढे जाऊन जाळ्याने मणी उपसत. मार्च ते ऑक्टोबर, अकरा वर्षं. वय त्रेसष्ट, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण ऐकणार कोण?

डॉक्टर म्हणाले, बुडून मृत्यू. ठाणेदार म्हणाले, अपघात. मंगळवारी दफन झालं. बुधवारी त्यांच्या बायकोने, रबिगा आपायनी (वडीलधाऱ्या बाईला आम्ही आपाय म्हणतो), जिल्ह्याला चार ओळींचं पत्र पाठवलं. शेवटची ओळ अशी होती: 'माझ्या नवऱ्याची फळी मोडत नाही.'

गुरुवारी सकाळी तपासणी अधिकारी आल्या. कुलाश दोस्मागाम्बेतोवा. साठीला टेकलेल्या, डोक्यावर विणलेली टोपी, बुटांना गुडघ्यापर्यंत राखेचा चिखल. आल्या आल्या त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर मागवले, बिल्ल्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"इथे साचे कोण भरतं?"

"मी. झौरेश."

"ही फळी कुणी बनवली?"

"आगायनी. अकरा वर्षांपूर्वी."

मी खोटं बोलत होते.

२

कुलाश आपायनी आगायची खोली घेतली. मला म्हणाल्या, "तू चहा कर आणि इथेच बस. गावातली माणसं गावच्या माणसासमोर जरा कमी खोटं बोलतात."

मी दुधाचा चहा केला आणि लक्ष फळीच्या तुकड्यांवर होतं म्हणून त्यांचा वाडगा काठोकाठ भरला. त्या हसल्या. "पूर्ण भरून दिलास? चहा घ्या नि चालू लागा, असं सांगतेस का?"

माझं तोंड उतरलं. आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच वाडगा देतात, म्हणजे तो पुन्हा मागेल आणि पुन्हा बसेल. लहान मुलालाही हे ठाऊक असतं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "बोलव पहिल्याला."

पहिले रुदोल्फ कार्लोविच. मिश्रणाचं यंत्र चालवतात. जर्मन आजोबांचा नातू, कारासोरमध्येच जन्मलेला, माझ्यापेक्षा शुद्ध कझाक बोलणारा. कमरेला कुत्र्याच्या लोकरीचा जाड पट्टा बांधून ते आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"बसा ना."

"बसलो तर तुम्हालाच उठवावं लागेल, आपाय. कंबर गेलीय."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून. पोती उचलून उचलून."

"रोज किती पोती?"

"बारा. अकरा वर्षं बाराच. आता वय झालं."

आपायनी खिशातून वाळलेल्या दह्याची खारट गोळी काढून गालात धरली. "शनिवारी सगळ्यांदेखत तुम्ही काइरगेल्दींना म्हणालात, 'एक दिवस त्या तळ्याच्या तळाशी जाशील.' खरं?"

"खरं."

"आणि सोमवारी ते गेले."

रुदोल्फ कार्लोविचांचा चेहरा लाल झाला. "दारूवरून बोलले मला. म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. अहो, दर महिन्याला हाकलायचे ते मला! मी दर महिन्याला दुसऱ्या दिवशी यायचो आणि ते विचारायचे, उशीर का झाला? नवरा-बायकोसारखं होतं आमचं. तुम्ही मला बेड्या घाला हवं तर, पण..." पट्टा घट्ट करायच्या निमित्ताने त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"भांडण फक्त दारूचं होतं?"

"नाही. त्यांनी विचारलं, मण्यांची पोती अजून किती उरलीत. मी म्हणालो, भरपूर. ते म्हणाले, भरपूर कुठून असतील? मी म्हणालो, मला काय विचारता, गोदामाची किल्ली झोमार्तकडे. तिथून पेटलं."

"सोमवारी सकाळी कुठे होतात?"

"यंत्राखाली. आडवा. एकटाच." त्यांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. "झौरेश, तू तरी सांग, मी माणूस मारीन का गं?"

ते गेल्यावर आपायनी गोळी दुसऱ्या गालात सरकवली. मग स्वतःशीच म्हणाल्या, "अकरा वर्षं बारा पोती आणि कंबर गेली डिसेंबरात."

मला त्याचा अर्थ लागला नाही. माझं लक्ष टेबलावरच्या बिल्ल्यावर होतं. त्याच्या कडेने बाहेर आलेला डिंक अजून पांढरा होता. अकरा वर्षांचा डिंक पिवळा पडलेला असतो. आणि आपायचं बोट नेमकं त्या डिंकावर होतं.

३

झोमार्त आत आला तो लाल डोळ्यांनी. अडतिसाव्या वर्षी तो आगायचा उजवा हात होता. विद्यार्थी म्हणून आला आणि मुलासारखा राहिला. दफनाच्या वेळी खांदा द्यायला पहिला तोच.

"त्यांना मोतीबिंदू होता, आपाय," तो हळू आवाजात म्हणाला. "मी म्हणायचो, मी जातो, तुम्ही काठावर बसा. ऐकलं नाही. त्या तिसऱ्या खांबापाशी गरम पाण्याचं तोंड आहे, तिथे साय नेहमी पातळ. शंभरदा सांगितलं होतं मी."

तळ्यात वीजकेंद्राकडून राखेचा पाइप येतो. तो सिमेंटच्या सात खांबांवर टेकवलेला आहे. त्यातला तिसरा. आपायनी मान हलवली.

"रुदोल्फविषयी काय वाटतं?"

"चुगली करायची नाही मला. पण शनिवारचं सगळ्यांनीच ऐकलंय."

"तुम्ही सोमवारी?"

"कार्यालयात. खाणीचे फोन घेत होतो. पाच नंबरच्या बोगद्याचं काम आमच्या ठोकळ्यांवर चाललंय." त्याचा आवाज थोडा उंचावला. "लोखंडी कमान आणि वरचा खडक यांच्यामधल्या पोकळीत पूर्वी लाकडाचे ओंडके भरत. चार माणसं लागायची एका ओंडक्याला. आमचा ठोकळा एक माणूस बगलेत घेऊन जातो. जानेवारीपासून चारशे बसवले. साठ माणसं रोज त्याखाली काम करतात. हे आगायचं स्वप्न होतं. आता मीच प्रमुख आहे, तर मलाच ते पुढे न्यायला हवं."

साठ माणसांत एक माझा धाकटा भाऊ, मेदेत. सकाळीच माझ्या हातची पोळी चहात बुडवून खाऊन गेला होता.

झोमार्त उठला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झौरेश-अपके, रडून घे. आतल्या आत ठेवू नकोस." थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो मला अपके म्हणायचा.

दार बंद झालं. आपायनी खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. राखेच्या सायीवर सोमवार दुपारचा बर्फ पडला होता, त्यावर पुन्हा राख, त्यावर पुन्हा बर्फ. कुठे काठ संपतो नि कुठे तळं सुरू होतं, कळत नव्हतं.

"झौरेश, काइरगेल्दी सापडले कुठे?"

"पंपघरापाशी. त्या टोकाला."

"मग गावात सगळे काय म्हणतात, ते बुडाले कुठे?"

"तिथेच. पंपघरापाशी."

"हं," त्या म्हणाल्या. "आणि तिसरा खांब कुठे?"

"या काठाला. इथून जेमतेम चाळीस पावलं."

फळीचा तुकडा उचलून त्यांनी हातावर तोलला आणि माझ्यापुढे धरला. "आता तू सांग. बिल्ला जुना, डिंक नवा. फळी कुणी बनवली?"

सोमवारपासून दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं.

"मी बनवली. मी मारलं त्यांना, आपाय."

४

खरं काय ते असं. जुन्या सतरा नंबरच्या फळीच्या कडेला हिवाळ्यात चीर गेली होती. आगायना सांगितलं तर ते म्हणाले, चिरा मलाही पडल्यात, मला टाकलंस का? मग मीच ठरवलं. बारा जानेवारीला साच्यात ओतून थोडं मिश्रण उरलं होतं. त्याची मी त्याच मापाची फळी ओतली, कडा घासून जुनी दिसेल अशी केली, पितळी बिल्ला काढून तिला चिकटवला आणि जुनी फळी बंबात घातली. आगायच्या अधू डोळ्याला कळणार नाही, मार्चमध्ये पहिल्यांदा तळ्यावर जातील तेव्हा पक्की फळी अंगाखाली असेल, एवढंच डोक्यात होतं. एका शब्दाने कुणाला बोलले नव्हते.

आपायनी सगळं ऐकलं. ओरडल्या नाहीत, धीरही दिला नाही. म्हणाल्या, "जुन्या घाण्याचा एखादा नमुना ठेवलाय का?"

कपाटात होता. एका वेळी कालवलेल्या मिश्रणाचा, म्हणजे प्रत्येक घाण्याचा, एक तुकडा आगाय जपून ठेवायला लावत. जुनी फळी सतराव्या घाण्याची होती; त्याचा तुकडा मी आणला. आपायनी मोडक्या फळीचा तेवढाच तुकडा कापून घेतला. दोन मातीच्या मुशींत घालून आम्ही दोन्ही भट्टीत ठेवले, धुराडं पूर्ण उघडून. फोमचा धूर विषारी. अर्ध्या तासाने फोम जळून गेला आणि प्रत्येक मुशीत चिमूटभर राखाडी भुकटी उरली. डोळ्याला दोन्ही सारख्याच.

"आता दोन वाडगे आण. पाणी भर. आणि हे मात्र काठोकाठ भर."

पहिल्या वाडग्यात त्यांनी सतराव्या घाण्याची भुकटी टाकली. ती पाण्यावर पसरली, मलईसारखी, आणि तशीच राहिली. बोटाने बुडवली तरी पुन्हा वर.

दुसऱ्या वाडग्यात त्यांनी माझ्या फळीची भुकटी टाकली. क्षणभर ती वर थांबली. मग एकेक रेघ खाली उतरायला लागली. मी डोळे फाडून बघत होते. पाहता पाहता वर स्वच्छ पाणी उरलं आणि तळाशी चिखल.

"हे मणी नाहीत," मी म्हणाले. "ही साधी राख आहे. धुराड्याखालची."

"साधी राख घातली तर काय होतं?"

"पोकळ मणी भिंतीत बसतात. राखेचे भरीव कण भिंती फाडतात. वरून ठोकळा तसाच दिसतो, पण आतून..." मी टेबलावरची भुरभुरीत कड पाहिली. "भार हळूहळू येतो तोवर उभा राहतो. मग एकदम चुरा."

"तुझं उरलेलं मिश्रण कशाचं होतं?"

मी स्वतःच्या गुन्ह्यात इतकी बुडाले होते की पुढचं काही दिसलंच नव्हतं. साच्यात त्या दिवशी काय ओतलं होतं? खाणीचे ठोकळे.

"आपाय, ते चारशे ठोकळे..."

त्यांनी फोन आधीच उचलला होता. खाणीच्या व्यवस्थापकाचा आवाज मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू आला. "बाई, वाडग्यातलं पाणी पाहून मी खाण बंद करू? बोगदा प्रयोगशाळेच्या सहीवर उघडलाय. प्रमुखाला बोलू द्या, मग बघतो. दोन वाजता पाळी बदलते."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक झाला होता. आणि प्रयोगशाळेचा प्रमुख आता झोमार्त होता.

५

तो कार्यालयात नव्हता. तळ्याच्या काठावर उभा होता, वाऱ्याकडे पाठ करून. आम्ही बर्फातून त्याच्याकडे गेलो. आपायनी चालता चालताच बोलायला सुरुवात केली, जशी एखादी बाई भाजीचा भाव विचारते.

"झोमार्त, मी सकाळी तुमच्याकडे यायच्या आधी या तळ्याला फेरी मारून आले. बूट पाहिलेस ना माझे? त्या तिसऱ्या खांबाच्या लोखंडाला काइरगेल्दींचं जाळं अडकलंय, बर्फाखाली. म्हणजे ते इथे बुडाले. गाळाच्या ओढीने पंपघरापर्यंत वाहत गेले. ही गोष्ट गावात कुणालाच माहीत नाही. मी कुणाला सांगितली नाही. वाट पाहत होते, कोण मला सांगतो त्याची."

झोमार्तने तिसऱ्या खांबाकडे पाहिलं. पाहिलं आणि लगेच मान वळवली.

"अंदाजाने बोललो असेन."

"असेल. मग रुदोल्फच्या कमरेचं बघू. मण्यांचं पोतं मी या वयात काखेत मारून नेईन. अकरा वर्षं तो तेच उचलत होता. डिसेंबरपासून पोत्यांत दुसरं काहीतरी होतं, चौपट जड. गोदामाची किल्ली कुणाकडे?"

त्याने कोटाची कॉलर वर केली.

"आणि खाणीच्या चाचणीला दिलेले ठोकळे जुन्या घाण्याचे असणार, नाहीतर ते पास झालेच नसते. ते तुझ्या एकट्याच्या हातात. काइरगेल्दी काय, त्यांना नीट दिसत नव्हतं, पोत्यांत मणीच आहेत असं तू म्हणालास ते त्यांनी खरं मानलं."

"वीजकेंद्राने कोळसा बदलला," तो एकदम म्हणाला. "शरदात मणी मिळालेच नाहीत. आगाय म्हणाले, खाणीला कळव, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत! मोठी माणसं बोगदा बघायला येणार होती, म्हणून मी त्यांना सांगितलं, जुना साठा पुरेल. अकरा वर्षं मी त्यांच्या मागे जाळं घेऊन चाललो, आपाय. एकदा तरी माझ्या शब्दावर काही उभं राहायला नको?"

"उभं आहे," आपाय म्हणाल्या. "साठ माणसांच्या डोक्यावर. आता सोमवारचं सांग."

मला वाटलं होतं, तो नाकारेल. पण त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"त्यांनी मला फळी आणून द्यायला सांगितली. मी शेडमधून उचलली. आणि हाताला कळलं. तेवढी जड सतरा नंबरची असूच शकत नाही. कुणीतरी नव्या मिश्रणाची केलीय, हे मला तिथेच कळलं."

"मग बोलला का नाहीस?" हे मी ओरडले.

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. "मी दोन महिने झोपलो नव्हतो. ठोकळे टिकतील की नाही, कुणाला विचारणार? खरी चाचणी केली तर नोंद राहते. आणि ती फळी माझ्या हातात होती. तेच मिश्रण. मला वाटलं, आगायना पेललं तर छतालाही पेलेल."

वारा पडला होता. पाइपातून राख उतरण्याचा घरघर आवाज तेवढा येत होता.

"तू त्यांची चाचणी घेतलीस," आपाय म्हणाल्या.

"त्यांनी काठावर विचारलं, झोमार्त, फळी जड झालीय की मी म्हातारा झालोय? मी म्हणालो, तुम्ही म्हातारे झालात, आगाय. ते हसले. पालथे पडले. मी इथे उभा राहून मोजत होतो. पहिला खांब. दुसरा. मला इतका आनंद झाला होता, आपाय, दुसऱ्या खांबापर्यंत."

मी त्याच्या अंगावर धावून गेले असते, पण आपायचा हात माझ्या दंडावर होता आणि तो हात लोखंडासारखा होता.

"तीन दिवस झाले," त्या म्हणाल्या. "तीन दिवस तुला माहीत आहे की ते पेलत नाही. तीन दिवस तू रोज सकाळी माणसांना खाली जाताना पाहतोस." त्यांनी खिशातून फोन काढून व्यवस्थापकाचा नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला. "पुढचं न्यायाधीश बघतील. आता एवढंच बोल."

त्याने फोन घेतला नाही. हात लोंबत ठेवून उभा राहिला. फोनमधून व्यवस्थापक 'हॅलो, हॅलो' करत होता.

"झोमार्त," मी म्हणाले, "मेदेत खाली आहे. तुझ्या लग्नात घोड्याचा लगाम धरून नाचला होता तो मेदेत."

त्याने आपायच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. "पाच नंबरमधून माणसं काढा," तो म्हणाला. "ठोकळे खोटे आहेत. हो, मीच बोलतोय. मीच केलेत." मग तो बर्फात खाली बसला.

६

दोन वाजून दहा मिनिटांनी माणसांची ने-आण करणारा खाणीचा पाळणा शेवटच्या खेपेला वर आला. मी फाटकाबाहेर उभी राहून डोकी मोजत होते. मेदेत एकोणसाठावा निघाला. काळ्या तोंडाने माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय गं, कुणी मेलंय का?" मी त्याला इतक्या जोराने मारलं की त्याच्या डोक्यावरचा दिवा फुटला.

शनिवारी सकाळी साडेनऊला बोगदा बसला. आधी म्हणे दोन-तीन ठोकळे फुटल्याचा आवाज आला, वाळलेल्या फांद्या मोडाव्यात तसा, आणि मग शंभर मीटरभर खडक एका दमात खाली आला. गावात घरोघरी कपाटातले वाडगे वाजले. खाली कुणी नव्हतं.

झोमार्तला गुरुवारीच शहरात नेलं. रुदोल्फ कार्लोविच फाटकापर्यंत गाडीच्या मागे चालत गेले, थुंकायला म्हणून, आणि न थुंकताच परत आले. कुलाश आपायनी माझा जबाब लिहून घेतला. शेवटी मी विचारलं, मला काय शिक्षा? त्या म्हणाल्या, "कायद्यात तुझ्यासाठी कलम नाही." त्यांनी टोपी घातली. "रबिगाला मात्र तूच सांग. मी सांगणार नाही."

सातव्या दिवसाच्या जेवणाला मी सकाळीच गेले. रबिगा आपाय एकट्याच स्वयंपाकघरात होत्या, गेलेल्या माणसाच्या नावाने तळायच्या सात पोळ्यांची कणीक मळत. मी दाराशी उभी राहूनच सगळं बोलून टाकलं. चीर, बिल्ला, डिंक, बंब. बोलताना मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. हात थांबले नाहीत.

"त्यांना कळलंसुद्धा नव्हतं फळी नवीन आहे ते," मी म्हणाले.

"कळलं होतं," त्या म्हणाल्या. "रविवारी शेडमध्ये जाऊन पाहून आला होता. जेवताना सांगत होता, झौरेशने माझी फळी जाळली आणि नवी करून ठेवलीय, मला आंधळा समजते. हसत होता. मग म्हणाला, पण जरा जड वाटते, झोमार्तला विचारायला हवं."

म्हणजे काठावर त्यांनी विचारलं ती थट्टा नव्हती.

मी खाली बसले. रडायला येत होतं, पण त्या घरात माझ्या रडण्याला काय हक्क, असं वाटून मी ओठ दाबून धरले. रबिगा आपायनी कणकेचे गोळे केले, सात मोजले, एकेकावर पीठ भुरभुरवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. रागाने नाही आणि मायेनेही नाही. बाहेर अंगणात माणसं यायला लागली होती. कुणीतरी बूट झटकत होतं.

त्यांनी लाटणं माझ्या बाजूला सरकवलं.

"तेल तापलंय," त्या म्हणाल्या. "लाट."